खोक्यावर ६० वॅट, प्लगवर २६: प्लांटेड टँकच्या (पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीच्या) लाइटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
ॲक्वेरियम लाइट विभाग

विषय: ३ फुटी प्लांटेड टँक एलईडी लाइटवर छापलेले वॅट, ल्युमेन आणि पारचे (झाडाला उपयोगी प्रकाशाचे) आकडे खोटे असल्याबद्दल, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा ३ फुटी लाइट नागपुरात, सीताबर्डीच्या दुकानातून ४,८०० रुपयांना घेतला. बिलाची आणि खोक्याच्या चारही बाजूंच्या फोटोंची प्रत सोबत जोडली आहे. खोक्यावर '६० वॅट, ६,००० ल्युमेन, ४५ सेंमीवर १२० पार, सर्व वनस्पतींसाठी योग्य' असे छापले आहे. यातला एकही दावा तपासणीत टिकला नाही.

आधी वॅट. सोबतच्या ॲडॅप्टरवर '१२ व्होल्ट, २.५ अँपिअर' लिहिले आहे. गुणाकार केला तर ३० वॅट होतात, म्हणजे ६० वॅट देण्याची या ॲडॅप्टरची ताकदच नाही. प्लगला वॅटमीटर लावल्यावर पूर्ण प्रकाशात २६ वॅट दिसले. ॲडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली की चिपपर्यंत जेमतेम २२ ते २३ पोहोचतात. मग ६० आले कुठून? पट्टीवर १२० चिप (एलईडीचे छोटे दिवे) आहेत आणि अशी चिप अर्ध्या वॅटची म्हणून विकली जाते. तुम्ही चिप मोजून गुणाकार छापला आहे. ६,००० ल्युमेन हा आकडाही त्याच खोट्या ६० वर उभा आहे. वॅटला ९० ते १०० ल्युमेन धरले तरी हा लाइट २,२०० च्या आसपास थांबतो.

हा फरक कागदावरचा नाही. टँक ३ फूट × दीड फूट × दीड फूट आहे. ६ सेंमी सबस्ट्रेट (तळाची माती) आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी भरते सुमारे १४० लिटर. तुमच्या आकड्याने लिटरला ४३ ल्युमेन पडतात, म्हणजे कार्पेटच्या, तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींना पुरेल असा तेज प्रकाश. खरा हिशेब लिटरला १५ चा निघतो, आणि तो अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशा कमी उजेडावर भागणाऱ्या वनस्पतींचा प्रकाश आहे. ल्युमेन हे मुळात माणसाच्या डोळ्याचे माप आहे. डोळा हिरवट प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून टँक उजळ दिसतो आणि झाड उपाशी राहते. त्यामुळे खरे महत्त्व पारला, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला किती प्रकाश तळाशी पोहोचतो याला.

तो पार मीटरने मोजला. लाइट २० मिनिटे तापू दिला, वरची काच काढली, सेन्सर पाण्याखाली सबस्ट्रेटवर ठेवला आणि पाण्याखालच्या वापराचा गुणक लावून नऊ जागी नोंदी घेतल्या. लाइटपासून तळ बरोबर ४५ सेंमी होता. मध्यभागी ३१ मायक्रोमोल (पारचे एकक) मिळाले, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत १४. तीन तासांनी मध्यभागचा आकडा २८ वर उतरला. १२० च्या जवळपास जाणारी नोंद फक्त लाइटखाली वीतभर अंतराच्या आत, हवेत मिळते. तुमचा आकडा तिथलाच असेल तर खोक्यावर तसे छापा. ४५ सेंमी कशाला छापता?

या आकड्यांवर विसंबून मॉन्टे कार्लो ही कार्पेटची आणि रोटाला ही लाल होणारी वनस्पती लावली, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जोडला आणि त्याचे प्रमाण रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर हिरवा राहील असा, म्हणजे साधारण ३० पीपीएमला, धरला. मॉन्टे कार्लो जमिनीवर पसरण्याऐवजी उजेड शोधत वर उठला. रोटालाच्या पेरांमधले अंतर वाढले, खालची पाने गळली, लाली आलीच नाही. ही प्रकाश कमी पडल्याची लक्षणे आहेत. सीओटू ड्रॉप चेकरनुसार पुरेसा होता, आणि खताची कमतरता असती तर बहुधा पाने पिवळी पडली असती किंवा नव्या पालवीवर खूण दिसली असती.

तुमच्या सेवा केंद्राने फोनवर उपाय सांगितला: '१२ तास लावा.' पुस्तिकेतही १० ते १२ तासच लिहिले आहेत. हा सल्ला घातक आहे. तळाशी तीव्रताच नसेल तर तास वाढवून कार्पेट धरत नाही. जास्तीचे तास मात्र शेवाळाला मिळतात, कारण त्याचे भागायला थोडा प्रकाशही पुरतो. नव्या टँकला टायमरवर ६ तासांपासून सुरुवात करावी आणि झाडे धरल्यावर ७ ते ८ पर्यंत जावे. 'सर्व वनस्पतींसाठी योग्य' हेही तसेच. खरोखर १२० पार असते, तर अनुबियासच्या संथ वाढणाऱ्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचे शेवाळ बसले असते. एकाच तीव्रतेचा, डिमर (प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) नसलेला लाइट सगळ्यांना चालूच शकत नाही.

आता बांधणी. पाच आठवड्यांत दोन ठिकाणी तीन-तीन चिप एकदम बंद पडल्या. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन चिप एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणून एक गेली की तिघी जातात. कारण उष्णता आहे. खोक्यावर 'ॲल्युमिनियम हीट सिंक', म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणारा भाग, लिहिले आहे, पण उघडून पाहिले तर पट्टी दुहेरी टेपने प्लॅस्टिकवर चिकटवलेली निघाली. वरून दिसतो तो नुसता ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, चिपच्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही. पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिली आहे. नागपुरात मे महिन्यात आणि नवतपात बाहेर ४५ अंश असतात, आणि बंद खोलीही फार खाली येत नाही. विदर्भात माल विकायचा तर या उन्हाळ्याचा विचार करूनच विकावा.

तुमचा 'आयपी ६७'चा दावा म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडाले तरी आत पाणी न जाणे. या लाइटच्या दोन्ही टोकांच्या टोप्या नुसत्या दाबून बसवलेल्या आहेत. नुसत्या वाफेने आत दव साचले आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ॲडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक नाही, आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन सोडावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही, ही साधी सूचना पुस्तिकेत कुठेच नाही. पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

मागणी अशी: ४,८०० रुपये पूर्ण परत करावेत आणि लाइट आपल्या खर्चाने उचलून न्यावा. बदली लाइट नको, कारण दोष या एका नगात नाही, रचनेत आहे. पुढच्या खोक्यांवर प्लगवर मोजलेले वॅट आणि ३०, ४५, ६० सेंमीवर पाण्यातले, मध्यभागाचे व कडेचे, असे दोन्ही पार आकडे छापावेत. ग्राहकाला लाइट निवडायला एवढे पुरते. ३१ पार प्रामाणिकपणे छापला असता, तर हाच लाइट क्रिप्टोकोरीनच्या टँकसाठी कुणीतरी समाधानाने घेतला असता.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. लाइट, ॲडॅप्टर आणि पुस्तिका मूळ खोक्यात बांधून ठेवली आहे, आणि बंद पडलेल्या सहा चिपवर मार्करने खूण केली आहे.

आपला ग्राहक,
धरमपेठ, नागपूर

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचे व ॲडॅप्टरचे फोटो, नऊ जागांच्या पार नोंदींचा तक्ता, वॅटमीटरचा फोटो.