‘माझ्या लेकरानं असं कोणतं पाप केलं होतं?’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गल्लीतील सात वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. चौदा महिने त्याचे आईवडील त्याला मांडीवर घेऊन एसटीने मोठ्या शहरातल्या इस्पितळात येजा करत होते. दशक्रियेच्या वेळी झालेल्या प्रवचनात महाराजांनी सांगितले की, देव कोणावरही अन्याय करत नाही, प्रत्येक जीव आपल्या प्रारब्धाचा हिशेब पुरा करून जातो, आणि ज्या घरात असे मूल जन्माला येते त्या घराचेही मागचे काही देणे राहिलेले असते. महाराजांच्या मनात दुष्टपणा नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. दुःखी घराचे समाधान व्हावे एवढाच त्यांचा हेतू होता. जमलेली माणसे माना डोलावत होती. मंडळी पांगल्यावर मुलाची आई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, माझ्या लेकरानं असं कोणतं पाप केलं होतं?”

मी गळ्यात माळ असलेला, एकादशी करणारा माणूस आहे. देव आहे आणि तो दयाळू आहे, ही माझी श्रद्धा आहे. म्हणूनच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते. देव नाही असे मानणाऱ्याला या आईचा प्रश्न पडण्याचे कारण नाही. हा प्रश्न पडतो तो मानणाऱ्याला, आणि त्याचे जे उत्तर आपण सवयीने, विचार न करता देऊन टाकतो त्याची जबाबदारीही मानणाऱ्यांचीच आहे.

प्रश्न जुना आहे आणि आपल्या आचार्यांनी तो टाळलेला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या एका मूळ ग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन आरोप ठेवून त्यांचा विचार केला आहे: वैषम्य, म्हणजे एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देण्याचा पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. शंकराचार्य तेथे पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बीजातून भात उगवतो आणि जवाच्या बीजातून जव. तसा ईश्वर सर्वांना समान आहे आणि भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा आहे. मग पहिल्या जन्मी, कर्मच नसताना, भेद कोठून आला, असे कोणी विचारले तर पुढचेच सूत्र सांगते की संसार अनादि आहे, त्यामुळे पहिला जन्म असा नाहीच. तर्क म्हणून ही मांडणी भक्कम आहे आणि ती मोडून काढण्याइतकी माझी विद्वत्ता नाही. मात्र ती ईश्वराची बाजू मांडण्यासाठी, शास्त्रचर्चेत केलेली मांडणी आहे. दहाव्या दिवशी नदीकाठी बसलेल्या आईपुढे ठेवण्यासाठी ती केलेली नव्हती, आणि तेथे ठेवली की त्याच तर्काचे आरोपपत्र होऊन जाते.

हे मी प्रथम पाहिले ते १९९३ मध्ये. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. मी त्या वेळी उदगीरजवळच्या एका शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो आणि आमच्यापैकी काहीजण मदतकार्यात नावांच्या याद्या करायला गेलो होतो. एका गावात पडलेल्या शाळेच्या ढिगाऱ्यातून हजेरीपत्रक सापडले. ते पावसाने भिजले होते. पाने एकमेकांना चिकटली होती आणि ती सुटी करताना शाई बोटांना लागत होती. तेथील मुख्याध्यापकांनी माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाले, “नावं खोडू नका, जी पोरं आहेत त्यांचं नवं हजेरीपत्रक करू.” त्याच दिवशी, त्याच ढिगाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, मदत घेऊन आलेला एक भला माणूस सांगत होता की कलियुगात पाप वाढले की धरणी थरथरते. ऐकणाऱ्यांमध्ये ज्यांची तीन-तीन माणसे गेली होती असे लोक होते. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही, आणि ते गप्प राहिले म्हणून त्यांना पटले असे त्या भल्या माणसाला वाटले असावे.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे त्या पहाटे जमीनदोस्त झाली. माणसे मेली ती बहुतेक घरांखाली: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर उन्हाळ्यात गारवा देणारे, दरवर्षी माती चढवून जड झालेले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. ज्या भूमीच्या पोटात ती हालचाल झाली तिच्याच काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी माती तयार झालेली आहे, जिच्यावर आमची ज्वारी आणि तूर येते. सृष्टी नियमाने चालते, आणि नियम पाप्यासाठी वेगळा व पुण्यवानासाठी वेगळा नसतो, ही गोष्ट मला देवाच्या दयेविरुद्ध वाटत नाही; नियमच नसते तर पेरणी कोणत्या भरवशावर केली असती? त्याचप्रमाणे माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे म्हणून तो वाईटही निवडू शकतो, हेही मला पटते. जगातल्या पुष्कळ दुःखाचा उलगडा या दोन गोष्टींनी होतो. सर्व दुःखाचा होत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या मगजात जे बिघडले ते कोणाच्या निवडीने बिघडले नव्हते, आणि नियम अबाधित राहावा म्हणून त्याने ते सोसले असे त्याच्या आईला सांगण्याचे धैर्य मला नाही.

दुःखाला शिक्षा मानण्याची चूक थोरांकडूनही झालेली आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेच्या विरोधात गांधींच्या बाजूने उभे असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, आणि गांधींनी ती आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापून तिला उत्तरही दिले. गांधींविषयी मला नितांत आदर आहे, तरी या वादात टागोरांचे बरोबर होते असे मी मानतो. ज्यांच्यावर तो अन्याय होत होता त्यांच्याही झोपड्या त्या भूकंपात पडल्या होत्या. त्यांना दंड कशाचा?

या समजुतीची किंमत आपण आणखी एका ठिकाणी मोजली आहे. आपल्या भाषेने एका रोगालाच ‘देवी’ हे नाव दिले. घरात मुलाला देवी आल्या की देवीचा कोप म्हणून कडुलिंबाचे डहाळे लावायचे आणि ती शांत होऊन जाण्याची वाट पाहायची. माझ्या आजीची दोन भावंडे अशीच गेली. पुढे टोचणारे आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माझ्या दंडावर त्या लशीचा रुपयाएवढा वण आहे. तो टोचणारा कर्मचारी देवाच्या इच्छेविरुद्ध वागला असे आज कोणी म्हणेल काय? मला तर वाटते की त्या दिवशी देव त्याच्याच पिशवीतून आमच्या दारी आला होता. रोग देवाने पाठवला असे मानून स्वस्थ बसणारे मात्र देवाच्या नावाने मुलांना मरू देत होते.

यावर कोणी म्हणेल की संतांनीच दुःखाला देवाची कृपा म्हटले आहे. खरे आहे. तुकोबांनीच म्हटले, “बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.” पण हे शब्द कोणी, कोणाविषयी म्हटले ते पाहावे. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, अब्रू गेली, आणि “स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली” हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. ‘बरे झाले’ हे त्यांनी स्वतःच्या जखमेवर बोट ठेवून म्हटले आहे. शेजारच्या घरी जाऊन ‘तुमची बायको गेली ते बरे झाले’ असे तुकोबा म्हणाले नाहीत, म्हणूच शकले नसते. ते “जे का रंजले गांजले” त्यांना आपले म्हणा, असे सांगतात. आपल्या दुःखात कृपा शोधण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाबाबत तो अधिकार कोणालाच नाही, आणि माझे महाराजांशी जे भांडण आहे ते एवढ्यापुरतेच आहे.

आणखी एक गोष्ट. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दुष्काळ का पडला याचे प्रवचन त्यांनी केल्याचे कोठे ऐकिवात नाही. त्यांनी हिशेबाचे कागदच पाण्यात सोडले. ज्या देवाच्या भक्ताला माणसांकडचे येणे मागवले नाही, तो देव सात वर्षांच्या पोराच्या नावावर मागच्या जन्मीची बाकी मांडून बसला असेल, हे माझ्या मनाला कधीच पटलेले नाही.

ख्रिस्ती बांधवांच्या धर्मग्रंथात ईयोबाची कथा आहे. त्याची मुले गेली, अंगभर फोड उठले, तेव्हा त्याचे मित्र येऊन सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझेच काही चुकले असेल असे सांगू लागले. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही.

जाब विचारण्याची ही रीत आपल्याकडेही परकी नाही. जनाबाईने तर अंगणात उभे राहून विठ्ठलाला शिव्या दिल्या, आणि त्या शिव्या आपण सातशे वर्षे टाळ वाजवत गात आलो आहोत. देव दुःख का येऊ देतो, याचे पुरे उत्तर माझ्यापाशी नाही. पण ज्याच्याशी असे भांडता येते तो देव निर्दय असेल असे मला वाटत नाही, आणि माझी श्रद्धा टिकली आहे ती बरीचशी यामुळेच.

त्या आईला मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की, लेकराने काही पाप केले नव्हते. दुसरे काही सुचले नाही. परवा एकादशीला ती देवळाच्या पायरीवर भेटली. आत आली नव्हती. देवाशी बोलणे सोडले होते, आता रोज रात्री त्याच्याशी भांडते, हे पाप तर नाही ना, असे तिने विचारले. मी तिला जनाबाईचा तो अभंग तेथेच म्हणून दाखवला. तिने तो कागदावर लिहून मागितला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
उदगीर, जि. लातूर