मी खोडलेलं वाक्य

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय सल्ल्या,

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर प्रत्येक वेळी 'निवांत बोलू' म्हणालो आणि ते निवांत कधी आलंच नाही. चिडला असशील तर तो हक्कच आहे तुझा. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघा पावसात दुखतो. आईचंही बरं चाललंय. ती परवाच विचारत होती, 'सलीम दिवाळीला येतोय का?'

आता जे लिहायला बसलोय ते. बुधवारी शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. त्यानंतर मुलांनी निबंध वाचायचे होते, विषय 'मुक्तिसंग्राम आणि माझे गाव'. पाच निबंध मीच निवडले होते, तपासून दिले होते. त्यात एक सातवीतली मुलगी, तुमच्या जुन्या गल्लीतली. तिच्या घरच्यांना तू ओळखतोस, म्हणून नाव लिहीत नाही. तिनं लिहिलं होतं, 'पोलीस ॲक्शन झाली तेव्हा माझी पणजी रात्री गाव सोडून इकडे आली.' मी 'पोलीस ॲक्शन झाली' खोडलं आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'मराठवाडा मुक्त झाला'. मनात वाईट काहीच नव्हतं रे. पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय, निबंधात इंग्रजी शब्द दिसला की पेन आपोआप फिरतो.

मुलीनं सुवाच्य अक्षरात निबंध पुन्हा उतरवून काढला आणि स्टेजवर वाचला. 'मराठवाडा मुक्त झाला' एवढं तिनं म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट! त्या शब्दांना टाळ्या वाजवायच्या ही पोरांना सवयच आहे. ती बिचारी थांबली नाही, वाचत राहिली. 'तेव्हा माझी पणजी रात्री गाव सोडून इकडे आली. पणजोबा मागे राहिले होते. ते परत आले नाहीत.' टाळ्या अजून चालूच होत्या. मागच्यांना काही ऐकू गेलं नसणार. मला ऐकू आलं, कारण तो कागद मला पाठ होता.

तेव्हापासून डोक्यात तूच आहेस.

अकरावीची वादविवाद स्पर्धा आठवते? ती ढाल मी आणली आणि पुढे कधीतरी आपण तिच्यात चुरमुरे कालवून खाल्ले, रेक्टर दारात आल्यावर तू ती शर्टात लपवलीस आणि चार दिवस पोटाला कांद्याचा वास मारत होता! पण ती ढाल मिळाली त्या दिवशी काय झालं होतं ते आपण दोघंही टाळतो. मी ठोकून बोललो होतो, 'अवघ्या पाच दिवसांत, पोलीस कारवाईनं, रक्तपात न होता निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं.' तू तिसऱ्या रांगेतून उठून निघून गेलास. महिनाभर बोलला नाहीस. मग सायकलचा पंप मागायला आलास आणि जाता जाता म्हणालास, 'माझी दादी वय सांगताना म्हणते, ॲक्शन के टैम मैं सोला बरस की थी. आणि मग गप्प बसते.' मी तेव्हा म्हणालो, 'माझी आजी रझाकारी म्हणते, तीही गप्पच बसते.' तू म्हणालास, 'तेच तर.' तेव्हा मला वाटलं होतं मी बरोबरी साधली. तू वेगळंच काहीतरी सांगत होतास, हे मला या बुधवारी कळलं.

माझ्या आजीचं खोटं नव्हतं हे तूही कधी नाकारलं नाहीस. थोरला काका कडेवर घेऊन ती रातोरात बार्शीला पळाली होती, कारण बार्शी मुंबई इलाख्यात होती, निजामाच्या हद्दीबाहेर. वाड्याची माडी जळाली ती आमच्याकडे परत कधी बांधली गेलीच नाही. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक, हे मला तुझ्याच अब्बांनी सांगितलं होतं. आज आपल्याकडे कुणाला रझाकार म्हटलं तर मारामारी होईल, आणि ती या शब्दानं स्वतःच्या करणीनं मिळवलेली आहे. निजामाच्या बाजूच्या या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या लातूरचा वकील कासिम रझवी, गावोगावची वसुली, नाही म्हणेल त्याच्या घराला काडी. आणि शोएबुल्ला खान! हैदराबादेत 'इमरोज' चालवणारा तरुण संपादक, विलीनीकरणाच्या बाजूनं लिहीत होता म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारला, त्याचा हात तोडला. म्हणून 'मुक्ती' हा शब्द मला सोळा आणे खरा वाटतो. आजही वाटतो.

पण 'पोलीस' कुठून आलं, सल्ल्या? १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरहून नळदुर्गाच्या रस्त्यानं जे निघालं ते चिलखती दल होतं. रणगाडे होते, वर विमानं होती. लष्करानं आपल्या कागदावर त्याला ऑपरेशन पोलो म्हटलं होतं. पुढे होते मेजर जनरल चौधरी, आणि १८ तारखेला त्यांच्यापुढे शरण आले ते निजामाच्या फौजेचे सेनापती एल इद्रूस. यात हवालदार कुठे दिसतो तुला? शब्द निवडला होता तो दुसऱ्याच कारणासाठी. निजामानं संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली होती, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे ती निघालीही. युद्ध म्हटलं असतं तर दोन देशांमधलं भांडण झालं असतं. पोलीस म्हटलं की घरातली बाब. बाहेरच्यानं बोलायचं कारण नाही.

मला त्यातला मुत्सद्दीपणा कळतो आणि मी पटेलांच्या बाजूचा माणूस आहे, हे तुला माहीत आहे. तरी हे वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी वही मिटून अंगणात जाऊन बसलो. हाच शब्द वर्षभर आधी डचांनी वापरला होता. जुलै १९४७ मध्ये जावा-सुमात्रावर त्यांनी फौज घातली आणि त्याला 'पोलीस कारवाई' म्हटलं. तेव्हा त्याविरुद्ध सुरक्षा समितीत तक्रार घेऊन कोण गेलं? आपण, ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीनं. आणि १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात अमेरिका उतरली तेव्हा वार्ताहरानं राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना विचारलं, याला पोलीस कारवाई म्हणता येईल का, तर ते हो म्हणाले. त्या कारवाईत ३६ हजारांहून जास्त अमेरिकन मेले, कोरियन लोकांची तर मोजदाद करणं कठीण. पोलीस म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे चोर येतो आणि चौकी येते. जळालेलं गाव येत नाही.

आणि मग गाव जळालं तर ते कुठल्या खात्यात लिहायचं? युद्ध झालं असतं तर युद्धातले मेलेले मोजले गेले असते. कारवाईत कोण मरतं? नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार वगैरेंना पाठवलं, ते गावोगाव हिंडले. त्यांनी लिहिलं की अगदी हात राखून अंदाज केला तरी त्या ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, आणि सगळ्यात जास्त मार चार जिल्ह्यांना बसला : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. आपला जिल्हा त्यात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मी मराठवाड्यात जन्मलो, इथेच शिकलो, या दिवसावर बक्षिसं मिळवली आणि हा आकडा मला पन्नाशीनंतर कळला. तुझ्या दादीला तो आकड्याशिवाय कळत होता.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्यासाठी राखून ठेवली होती. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, चालून आलेल्या हिंदूंशी लढून, स्वतःची माणसं गमावून. ते वाचल्यावर मला तुमच्या गल्लीच्या तोंडावरचा तो मोडका माग आठवला, ज्यावर बसून आपण कैऱ्या खायचो.

गंमत वाटते की तुमच्या घरानं सरकारचाच शब्द धरून ठेवला. जो शब्द झाकायला काढला होता, तो दादीच्या तोंडी जाऊन उघडा पडला. तिच्या 'ॲक्शन'मध्ये सगळं होतं : रात्र, विहीर, न परतलेला माणूस. त्या पोरीनं तोच शब्द पणजीकडून घेतला, जसा ऐकला तसा लिहिला. आणि मी तो खोडून तिथे असा शब्द घातला की त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिल्लीनं जे केलं ते सुरक्षा समितीसाठी केलं. माझ्यापुढे तर एक सातवीतली मुलगी होती.

काल तिच्या घरी जाऊन आलो. पणजी खाटेवर होती, नव्वदी कधीच ओलांडलीय, ऐकू कमी येतं. मी सांगितलं, पोरीचा निबंध छान झाला. तिनं माझा हात धरून विचारलं, 'मेरा लिखी क्या?' मी हो म्हणालो. पोरगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

अरे, तुझं विचारायचंच राहिलं. शबानाच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? थोरलीला कुठे ॲडमिशन मिळाली, फार्मसी की दुसरं काही? नव्या घराला पाणी येतं का वेळेवर? पुण्यात राहून मराठी बिघडवून घेऊ नकोस, तुझा 'ळ' सुधारायला मी तीन वर्षं खर्च केलीत!

आणि हे लगेच कळव. वही अजून माझ्याकडे आहे. लाल शाई खोडरबरानं जात नाही. तिच्या वाक्याखाली मला चार शब्द लिहायचे आहेत, 'तुझेच वाक्य बरोबर होते', एवढं पुरे की त्या कार्यक्रमात जे झालं तेही लिहू? भित्तिपत्रकावर लावलेला निबंध उतरवून तिचा मूळचा लावायचा हे मी ठरवलंय, मुख्याध्यापकांशी उद्या बोलतो. ते म्हणतील, शासनाच्या परिपत्रकात हा शब्द नाही. त्यांना काय सांगायचं तेही सुचव, वादविवादात तू माझ्यापेक्षा कधीच कमी नव्हतास, त्या दिवशी फक्त उठून गेलास. घटक चाचणीच्या आधी, गुरुवारपर्यंत, वह्या परत द्यायच्या आहेत.

तुझा,
बाळ्या