कडबाकुट्टीचा शाफ्ट आणि पुरातलं मिलिंग मशीन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय. परवा मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या टूलनं लोखंड कापायचं मशीन, घेतलंय म्हटल्यावर बाबा "बघ बाबा, तुझं तू" एवढंच बोलले आणि फोन आईकडे दिला, आणि आई तू पहिला प्रश्न विचारलास की नोकरी सोडलीस का. नोकरी सोडलेली नाही. कर्ज पण काढलेलं नाही. हे आधी सांगतो म्हणजे पुढचं निवांत वाचाल. काकांच्या लेथपायी ओढ्याकडचं रान गेलं तेव्हा मी सहावीत होतो, आज्जी दोन दिवस जेवली नव्हती ते मला अजून आठवतंय. म्हणून तर तीन वर्षांचे दिवाळी बोनस बाजूला ठेवले आणि वर तुमच्या सुनेनं भिशीचे वीस हजार स्वतःहून दिले. मशीन सत्तर हजाराला पडलं. मे महिन्यात आणलंय, म्हणजे चार महिने तुमच्यापासून लपवलं, गणपतीला घरी आलो तेव्हापण तोंडाशी आलेलं गिळलं. ते चुकलंच माझं.

एवढं स्वस्त कसं मिळालं तर ते पुराच्या पाण्यातलं आहे. २०२१ च्या जुलैत पंचगंगा किती चढली होती ते तुम्हाला सांगायला नको, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झाले की धोका म्हणतात आणि त्या साली पाणी त्याच्या कितीतरी वर होतं. नदीच्या बाजूला एकांचं छोटं वर्कशॉप होतं, तिथं हे उभं होतं. टेबल ज्याच्यावर बसतं आणि हँडल मारलं की वरखाली होतं त्या भागाला नी म्हणतात, म्हणजे गुडघाच, तर पाणी त्या गुडघ्याच्या वर गेलेलं. मालकांनी पाणी ओसरल्यावर वरवर पुसून तेल लावलं, पण पुढं धंदा गुंडाळला आणि मशीन तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलं. भंगारवाला वजनावर मागत होता. मी टॉर्च मारून बघितलं तर मोटर, हेड म्हणजे वरचं डोकं, आणि टूल धरून फिरणारा स्पिंडल सगळं पाण्याच्या वर राहिलेलं, स्पिंडल हातानं फिरवला तर आवाज नाही, फिरताना डगमगतो का बघायला मापाचा डायल लावला तर काटा एक रेघ पण हलला नाही. तिथंच ठरवलं.

बाबा, मशीन ब्रिजपोर्ट पद्धतीचं आहे, म्हणजे खांबावर गोल फिरणारा टरेट आणि त्याच्यावर हेड घेऊन पुढंमागं सरकणारा आडवा रॅम. अमेरिकेत ब्रिजपोर्ट नावाचंच गाव आहे, तिथं १९३८ साली पहिलं असं मशीन विकलं गेलं आणि नंतर जगभर त्याच्यासारखी बनली. आमच्याकडे कंपनीत व्हीएमसी आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं, प्रोग्रॅम टाकायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. कामाला तोड नाही त्यांच्या, पण टूल कधी घासायला लागलं ते मला आकड्यातनं कळतं. या मशीनवर हँडल मारताना तळव्याला कळतं. मला ते शिकायचं होतं, आणि तुमच्याकडनं शिकायचं राहून गेलं होतं.

आणताना लय विचार केला. जवळजवळ एक टन वजन, आणि सगळा भार वर, त्यामुळं ही मशीनं वाहताना कलंडतात. टेबल पार खाली आणलं, रॅम मागं ढकलला, हेडचे चार नट सैल करून हेड उलटं लटकवलं म्हणजे वजन खाली आलं. छोटा हत्ती नको म्हटलं, पिकअप केला, चढवायला हायड्रा क्रेन बोलावला, पण कळंब्याच्या आपल्या गल्लीत हायड्रा आत येईना, मग पाईपचे तुकडे खाली घालून पहारीनं ढकलत, जिथं बाबा स्कूटर लावायचे त्या पत्र्याच्या शेडपर्यंत नेलं. गल्लीतली सहा पोरं लागली. शेडमध्ये आधीच सळई टाकून सहा इंच काँक्रीट करून घेतलं होतं. आई, त्या पोरांना तुझ्या तिखटाचा तांबडा रस्सा घातला, एका रात्रीत डबा अर्धा झाला.

मग उघडायला घेतलं. नी उचलणारा जो उभा स्क्रू असतो त्याच्या खड्ड्यात गाळ अक्षरशः विटेसारखा बसलेला, छिन्नीनं काढला, दोन घमेली निघाला. बेव्हल गिअर गंजून तपकिरी झालेले पण दात शाबूत. खालची बेअरिंगं सगळी टाकून दिली. तेलाच्या नळ्या मात्र पुरानं नाही, माणसानं बुजवल्या होत्या. ह्या मशीनला पातळ तेल द्यायचं असतं, ६८ नंबरचं, ते बारीक नळ्यांतनं सरकत्या भागावर जातं, आणि कुणीतरी तिथं वर्षानुवर्षं ग्रीस मारलंय. ते आत वाळून मेणासारखं झालेलं. पुराला आपण नावं ठेवतो पण ह्या मशीनचं खरं नुकसान ग्रीसनं केलं असं माझं मत झालंय, कारण तेल न पोचल्यामुळंच टेबल झिजलं. नळ्या रॉकेलमध्ये भिजवल्या, काही गिटारच्या तारेनं साफ केल्या, चार नवीन टाकल्या. आई तू बोहारणीला द्यायला म्हणून बांधून ठेवलेलं जुन्या सुती साड्यांचं गाठोडं होतं ना माळ्यावर, ते संपलं. लोखंड पुसायला त्याच्यासारखं कापड नाही. ती हिरवी काठाची तेवढी काढून ठेवलीय.

टेबलाचं हँडल पाव फेरा रिकामंच फिरायचं, स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, ५ मिलिमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटरचा प्ले, नुसता सैलपणा. नट घासून घासून आतनं दाभणासारखा पातळ झालेला. टेबलाचा स्क्रू खांद्यावर टाकून उद्यमनगरात गेलो. बाबा, तिथं अजून तसंच आहे, एका गाळ्यात गनमेटल ओतून मिळतं, चार गाळे सोडून आटे पाडून मिळतात, मधे चहा. स्क्रू मधे जास्त झिजलाय आणि टोकाला कोरा, त्यामुळं नट मधल्या मापाचा केला तर टोकाला अडकणार, हे त्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी स्क्रू नुसता बोटांनी चाचपून सांगितलं. त्यांनी टोकाच्या मापानं नट कापून दिला. आता प्ले राहिलाय मिलिमीटरचे पंधरा शतांश. तेवढा चालतो, एकाच बाजूनं येऊन माप घ्यायचं.

आई, करंटचं विचारलं होतंस. मोटर २ एचपीची थ्री फेज आणि घरात सिंगल फेज, म्हणून मधे ड्राइव्ह बसवलाय, तो एका फेजचे तीन करून देतो. ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो आणि मोटर ४१५ ला स्टार पद्धतीनं जोडलेली, तिच्या वायंडिंगची सहा टोकं बाहेर काढून डेल्टा पद्धतीनं, म्हणजे २३० ला चालेल अशी, जोडली, मग बरोबर चालली. आधी तीन वर्षं पडून असलेली म्हणून शंभरचा बल्ब लावून दोन दिवस शेकली. अर्थिंगचा खड्डा नवीन, लाल बटण हाताशी. मशीन चालू असताना हातमोजे घालत नाही, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि नातवाला पिवळ्या पट्ट्याच्या आत यायची बंदी आहे. तो पट्ट्यावर पाय जोडून उभा राहतो आणि तिथनं दहा प्रश्न विचारतो.

रंग शेवटी दिला. खरवडल्यावर खाली निळा, त्याखाली राखाडी, त्याखाली मूळचा फिकट हिरवा निघाला, तोच दिला परत.

आता बाबा, तुमच्यापाशी येतो. टेबल मधोमध असताना सैल आहे, जिब पट्टी, म्हणजे सैलपणा काढायची पाचर, आवळली तर मधे छान होतं पण टेबल टोकाला नेलं की जाम. कारण डोव्हटेल, म्हणजे टेबल ज्याच्यात सरकतं तो तिरक्या कडांचा भाग, मधल्या आठ-नऊ इंचातच झिजलाय. ग्राइंडिंगला पाठवायचं तर मशीनच्या किमतीएवढा खर्च सांगतात. मला वाटतं जिबला मागनं पट्टी देऊन, कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, ब्लू, लावून, टोकाचे उंचवटे हातानं घासून काढले तर माझ्या कामापुरतं नक्की होईल. मी एक रविवार घासून बघितलं, ब्लू सगळीकडं माखला, कुठला ठिपका खरा टेकलाय आणि कुठला नुसता पुसला गेलाय तेच कळेना. कारखान्यात ऑफ सीझनला तुम्ही मिलच्या रोलरचे गनमेटलचे ब्रास, म्हणजे रोलर ज्यांच्यात फिरतो ती बेअरिंगं, घासून बसवायचा ते मला आठवतंय, मी डबा घेऊन यायचो तेव्हा तुम्ही वाकलेले असायचा आणि ब्रासवर निळे ठिपके ठिपके, आणि तुम्ही म्हणायचा थांब, अजून तीन हात. ते तीन हात कुठनं कळायचे? मी कंपनीत पंधरा वर्षं मायक्रॉनच्या गप्पा मारतोय आणि मला ते येत नाही बाबा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच अडलंय.

तुमचा हात थरथरतो असं आई म्हणाली. तर घासतो मी, तुम्ही खुर्चीत बसून नुसतं बघा आणि कुठं ते सांगा.

आणि गणपतीला बघितलं ती कडबाकुट्टी, चाक लटलट करतंय, शाफ्टची चावीची खाच पार रुंद झालीय, दरवेळी पत्रा ठोकून चालवताय. आई त्या चाकाशेजारी उभी राहून वैरण घालते, मला तेव्हापासनं झोप नीट नाही. तेवढा शाफ्ट सोडवून आणा. जुन्या खाचेच्या समोरच्या बाजूला नवीन खाच पाडतो, ८ मिलिमीटर रुंद, ४ खोल, चावीपण घट्ट बसवून देतो. मशीनचं पहिलं काम तेच करायचं म्हणून दुसरं काही घेतलेलं नाही, एक जण शंभर पीस द्यायला आला होता त्याला दसऱ्यानंतर ये म्हटलं.

खंडेनवमीच्या आधी चार दिवस या, म्हणजे जिब होऊन जाईल आणि त्या दिवशी पूजा तुमच्या हातनं होईल. गारगोटीहून सकाळची एसटी धरा, स्टँडवर मी येतो, शाफ्ट उचलू नका, कंडक्टरला सांगून सीटखाली ठेवा. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत तुमचा चपटा स्क्रेपर आहे, जुन्या कानशीचा केलेला, मूठ काळी पडलेली. गोल नको, चपटाच. धार लावू नका, तशीच आणा, धार कशी लावता ते पण बघायचंय मला.

आई, येताना तिखट आण.

तुमचा,
बाळू