ताशा नव्हे, ढोल ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवडत्या अल्बमवर वाचकांनी टिपण पाठवावे, हे पुरवणीतले आवाहन वाचले. ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा कर्कश, वेगवान प्रकार) आणि फोक मेटल (मेटलमध्ये लोकसंगीत मिसळणारा प्रकार) यांवर लिहू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. या संगीतावरचे बरेच अभिप्राय ‘भयंकर’ किंवा ‘जबरदस्त’ या एका शब्दावर संपतात, आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पहिली चूक जागेची. ठाणे-वाशी लोकलमध्ये नवा अल्बम लावू नये. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, म्हणजे अल्बम तुटतोच. शिवाय डब्याची घरघर खालच्या पट्टीतली असल्याने बेस गिटार गिळली जाते आणि कानात उरतात झांजा व किंचाळी. मग हात आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे; आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. घरी, रात्री, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकावे. बेस बूस्ट आणि शफल दोन्ही बंद. फाइल फार दाबून लहान केलेली, म्हणजे १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) किंवा त्याहून हलकी असेल, तर झांजा पाण्याखालून आल्यासारख्या घुसळतात. तो दोष फाइलचा, बँडचा नव्हे.

बँडने जाणूनबुजून ठेवलेला खरखरीतपणा वेगळा असतो. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. बँडमधल्या फेनरिझने सगळी वाद्ये एकट्याने वाजवली, गायला त्याचा साथीदार नॉक्टर्नो कुल्टो. ड्रमचा ठेका जवळजवळ बदलतच नाही. ‘ध्वनिमुद्रण वाईट’ असे लिहिणाऱ्याला या अल्बमचा मुद्दाच निसटला, असे आम्हाला वाटते. मात्र याच अल्बमच्या मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘आर्य’ हा शब्द वंशवादी अर्थाने छापला होता, हेही टिपणात यायला हवे. त्या काळातल्या नॉर्वेत ब्लॅक मेटलच्या वर्तुळातल्या काहींकडून चर्च जाळली गेली, खून झाले. संगीत ऐकावे, पण हा इतिहास गाळू नये.

आता ऐकायचे काय? आपल्याकडच्या कानाला सवय आहे, फक्त ती वापरायला हवी. ढोल-ताशा पथकात ताशाची तर्री अखंड चालते, पण चाल आपण धरतो ती ढोलाच्या ठोक्यावरून. ब्लॅक मेटलमध्ये गिटारवर एकच स्वर झरझर छेडत राहतात, त्याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) भराभर आळीपाळीने पडतात, तो ब्लास्ट बीट. ही झाली तर्री. तिच्याखाली सुरावट कितीतरी संथ बदलत असते. ती पकडली की गोंगाट वाटणारे गाणे उलगडते. नाही पकडली, तर चाळीस मिनिटे नुसता ताशाच ऐकू येतो.

सुरुवात नॉर्वेच्याच उल्व्हरच्या ‘बर्गटाट’पासून (१९९५) करावी. पाच गाणी, सुमारे ३५ मिनिटे. लोकगीताच्या वळणाचे, किंचाळीविना साफ गाणे, अकूस्टिक गिटार आणि कर्कश भाग शेजारी शेजारी असल्याने फरक लगेच कळतो. पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नये. दुसऱ्यांदा मिनिट-सेकंदासह नोंदी कराव्यात: ठेक्याचा वेग कुठे अर्ध्यावर आला, साफ आवाज कुठे शिरला. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवावेत.

फोक मेटलमध्ये कसोटी वेगळी. लोकवाद्य मनातल्या मनात काढून टाका. गाणे तसेच उभे राहिले तर ते वाद्य नुसती सजावट. इंग्लंडच्या स्कायक्लॅडने १९९१ च्या पहिल्या अल्बममध्ये फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) आणले, तेव्हा ते एखाद्या गाण्यापुरतेच होते. फिनलंडच्या फिनट्रोलच्या ‘नाटफड’मध्ये (२००४) हुम्पा या नाचाचा दोन मात्रांचा ठेका काढला, तर गाणेच कोसळते. स्वित्झर्लंडच्या एलुव्हेटीत हर्डी-गर्डी आहे: हाताने फिरवायचे चाक तारांवर घासते आणि एक सूर धरून राहतो. वारल्यांचा तारपा ऐकलेल्याला त्या अखंड सुराची ओढ समजावून सांगावी लागणार नाही. कीबोर्डवरच्या नकली बासरीला खरी समजून लिहिणे ही नेहमीची चूक; श्रेयनामावली आधी वाचावी.

तसेच देवनागरी दिसली म्हणून बँड भारतीय ठरवू नये. ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’ (२०१३) हा अल्बम चेक प्रजासत्ताकातल्या कल्ट ऑफ फायरचा, आणि वेदान्तावर गाणारा रुद्र हा बँड सिंगापूरचा. विष्णूच्या अवतारांवरचा ‘दशावतार’ (२०१७) मात्र मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा.

एक विनंती. टिपणे छापताना प्रत्येकाखाली बँड, देश, वर्ष, एकूण वेळ आणि ‘कशावर ऐकले’ हे पाच तपशील द्यावेत. फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहिलेले टिपण परत पाठवले, तरी आमची तक्रार नाही.

आपले,
काही श्रोते, ऐरोली, नवी मुंबई