यादीत नाव लिहिताना

इंडियानापोलिस, अमेरिका
जुलै, रविवार रात्र

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

बास्केटबॉलचं शिबिर काल संध्याकाळी संपलं. तीन दिवस बसूनच होते, तरी डोळे इतके शिणलेत की आज दुपारी चार तास झोपले. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "कडेला बसून तू नेमकं बघतेस काय?" तेव्हा हॉलमध्ये आठ मैदानांवर एकदम शिट्ट्या वाजत होत्या, धड बोलता आलं नाही. दादालाही पुढच्या उन्हाळ्यात आपल्या लेकीला, ओवीला, इकडे पाठवायचं का ते ठरवायचं आहे. म्हणून दोघांना मिळून हे पत्र. लांबणार आहे. वहिनीला सांगा, जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचून दाखव.

आपल्याकडे शिबिर म्हटलं की मे महिना, पहाटे साडेपाच, ऊन चढायच्या आत सिमेंटच्या मैदानावर धावणं, आणि शेवटी सगळ्यांना लिंबाचं सरबत. ते शिकवायचं शिबिर. हे दाखवायचं. इथे त्याला 'शोकेस' म्हणतात. नववी ते बारावीच्या मुली फी भरून येतात, तीन दिवस खेळतात आणि कॉलेजांचे कोच भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून बघतात. प्रत्येकाच्या टी-शर्टवर आपापल्या कॉलेजचं चिन्ह असतं, आणि वॉर्म-अप करताना मुलींचे डोळे त्या चिन्हांवरून फिरत असतात. कोचनी शिबिराच्या जागी मुलींशी किंवा त्यांच्या आईवडिलांशी बोलत बसायचं नाही, असा कॉलेजांच्या क्रीडासंघटनेचा, एनसीएएचा, नियम आहे. नुसतं बघायचं. एखादा मोठ्या कॉलेजचा कोच उठून दुसऱ्या मैदानाकडे गेला की इकडच्या पाच मुलींचा खेळ बदलतो. मला ते बघवत नाही.

मी कोच नाही, मुलींचा खेळ बघून त्यावर लिहिणारी परीक्षक. माझ्या वाट्याला चोवीस मुली होत्या. प्रत्येकीचा एक कागद. शूटिंग, चेंडू हाताळणं, डिफेन्स, शरीर, समज, प्रत्येकाला एक ते पाच गुण. खाली ती कुठल्या पातळीवर खेळू शकेल याचा अंदाज, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धांची डिव्हिजन वन (सगळ्यात वरची), टू की थ्री. आणि सगळ्यात शेवटी चार ओळी माझ्या शब्दांत. तो कागद कोचांकडे जातो आणि मुलीच्या घरीही जातो. गुण द्यायला मला फार वेळ लागत नाही. त्या चार ओळींनी मात्र रात्री दोनपर्यंत जागवलं.

पहिली सकाळ मोजमापात जाते. बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, टाचा टेकवून वर हात कुठे पोचतो, आणि जागेवरून उडी. बाबा, तुम्ही शाळेच्या भिंतीवर खडूने रेघा ओढून हेच करायचात, फक्त तुमची पट्टी लाकडी होती. बहुतेक माणसांची हातांची लांबी उंचीएवढीच असते. ज्या मुलीची तीन-चार इंच जास्त भरते, ती पास अडवते, रिबाऊंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, खेचते, आपल्याहून उंच मुलीसमोर उभी राहते. तेव्हा ओवीला सांगा, दारामागे उभं राहून दर आठवड्याला उंची मोजत बसू नकोस.

उडीपेक्षा मी खाली उतरणं बघते. मुलींच्या गुडघ्याचा लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, मुलांच्या मानाने कितीतरी जास्त वेळा फाटतो. उतरताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का, पाय ताठच टेकतात का, एकाच पायावर सगळा भार येतो का. माझ्या चोवीसपैकी सहाजणींच्या कागदावर मी गुडघ्यांबद्दल लिहिलं. त्यातल्या एकीचा शॉट सगळ्या शिबिरात सर्वात सुंदर होता, आणि तिच्या आईला मी थांबवून सांगितलं की आधी मांड्यांची आणि कमरेची ताकद वाढवणारा व्यायाम सुरू करा, स्पर्धा चार कमी खेळल्या तरी चालेल. आम्हा परीक्षकांना बोलायला बंदी नाही, ती फक्त कोचांना.

मग सामने. खरं काम इथे. अशा शिबिरात पाच अनोळखी मुली एका संघात टाकतात. प्रत्येकीला वाटतं, आपण वीस पॉइंट केले तरच कुणी बघेल. मग पास थांबतात, जी ती चेंडू घेऊन सुटते. पॉइंट कुणी किती केले ते स्कोअरशीट सांगतंच, त्यासाठी मी कशाला हवी? मी एक मुलगी धरते आणि सलग चार मिनिटं फक्त तिलाच बघते, चेंडू कुठेही असो. समोरची दुसरीला चकवून आत शिरली, तर ही मदतीला एक पाऊल आधी सरकली होती की नंतर? शॉट उडाला तेव्हा ही चेंडूकडे बघत राहिली की आधी समोरच्या संघातल्या आपल्या वाट्याच्या मुलीला पाठीवर घेऊन अडवलं? स्वतःचा ले-अप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, हुकल्यावर परत धावली का? आणि बोलते का? डिफेन्समध्ये "स्क्रीन, डावीकडे!" असं ओरडून, वाट अडवायला कुणी उभं आहे हे सोबतिणीला सांगणारी मुलगी सापडली की माझं पेन्सिल धरलेलं बोट आपोआप हलतं.

४१ नंबरची एक होती. ५ फूट ७ इंच, दिसायला साधी, पहिल्या दिवशी तिच्या नावावर चार पॉइंट. कागदावरच्या रकान्यांतही तिला काही विशेष गुण नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर डोळा ठेवला आणि मला हळूहळू दिसायला लागलं की ती ज्या संघात असते त्या संघाला सोपे शॉट मिळतात. ती पास देऊन थांबत नाही. पास दिला की कापत आत जाते, तिच्यामागे दोघी खेचल्या जातात आणि तिसरी मोकळी होते. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी चारही ओळी त्यावरच लिहिल्या. एका छोट्या कॉलेजच्या कोचने माझा कागद वाचून तिसऱ्या दिवशी तिच्या मैदानाजवळ खुर्ची हलवली. पुढे काय होईल ठाऊक नाही, पण ती खुर्ची हलली याचा मला फार आनंद झाला.

आता चूकही सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. दोन वर्षांपूर्वी एका उंच मुलीबद्दल मी लिहिलं होतं, "हालचाल बेढब, पाय मंद." ती वर्षभरात चार इंच वाढली होती. स्वतःच्या हातापायांची तिला अजून ओळख पटायची होती, आणि मी ते विचारलंच नाही. यंदा ती एका चांगल्या कॉलेजकडून खेळताना दिसली, पाय हलके, नजर वर. तिने माझा तो कागद सोळाव्या वर्षी वाचला असणार. आता पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारते: वाढदिवस कधी, आणि गेल्या वर्षी किती वाढलीस. अकरावीतल्या दोन मुलींच्या वयात अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि त्या वयात अकरा महिने म्हणजे केवढे!

बाबा, तुम्ही लेब्रॉन जेम्सचे सामने पहाटे उठून बघता म्हणून हे सांगते. २००१ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या टीनेक गावी एबीसीडी नावाच्या शिबिरात तो लेनी कुक नावाच्या मुलाविरुद्ध खेळला. तेव्हा कुकचं नाव देशातल्या अगदी वरच्या शालेय खेळाडूंत होतं. लेब्रॉन त्याच्याहून एक इयत्ता मागे. शेवटच्या क्षणी लेब्रॉनने पळता पळता लांबून चेंडू टाकला आणि त्याचा संघ ८५-८३ असा जिंकला. पुढच्या वर्षी कुकने एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये नाव दिलं; त्यात संघ नवे खेळाडू निवडतात. त्याला कुणीच घेतलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, लेब्रॉन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. सगळे ही गोष्ट लेब्रॉनची म्हणून सांगतात. माझ्या डोक्यात कुक राहतो. शाळेतल्या मुलाला आजूबाजूची इतकी मोठी माणसं इतके दिवस "तूच" म्हणत होती, आणि त्यातल्या कुणी त्याच्या कागदावर खऱ्या चार ओळी लिहिल्या असतील का, असं मला वाटत राहतं.

दादा, आता तुझं. स्पष्ट लिहिते, रागावू नकोस. "आपली निवड झाली आहे" असा ई-मेल ओवीला आला, ती निवड नव्हे. असे मेल शेकड्यांनी जातात. इथे शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींतल्या चार-पाचजणी एनसीएएच्या कुठल्याही पातळीवर कॉलेजकडून खेळतात, आणि डिव्हिजन वनमध्ये शंभरात जेमतेम एक पोचते. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळाची शिष्यवृत्तीच नसते. शिवाय २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना एका कॉलेजातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळणं सोपं झालंय, त्यामुळे कोच अनुभवी मुली आधी घेतात आणि शाळेतल्या मुलींच्या जागा कमी होतात. खुर्च्यांवर बसलेले कोच बहुतेक आपापली यादी घेऊनच आलेले असतात. ओवीचं नाव कुठल्याच यादीत नसताना विमानाचं तिकीट, फी आणि तीन दिवसांचा मुक्काम यावर एवढा पैसा घालू नकोस.

त्याऐवजी तिच्या एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ कर. नुसत्या पडलेल्या शॉट्सची माळ नको, ती कुणीही ओवू शकतं. कॅमेरा मैदानाच्या मध्यरेषेजवळ, जरा उंचावर, पाठीवरचा नंबर दिसेल असा. हुकलेले शॉट राहू देत, पाचवा फाउल होऊन बाहेर बसली असेल तर बाकावर कशी बसते तेही राहू दे. आणि अभ्यास. डिव्हिजन वनला इथे ठरलेले सोळा विषय आणि किमान सरासरी लागते, ती नसेल तर कोणताच कोच पुढे येत नाही. दहावीच्या वर्षात प्रॅक्टिस बंद करू नकोस, पण गणित सुटू देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची आहे. इथल्या शाळेतल्या मुली १९ फूट ९ इंचांवरून, म्हणजे साधारण सहा मीटरवरून, तीन पॉइंटचा शॉट मारतात. कॉलेजला गेल्यावर रेघ मागे सरकते, ६.७५ मीटरवर, आणि पहिल्या वर्षी अनेकींचे शॉट रिंगच्या अलीकडेच पडतात. ओवी आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी, त्याच ६.७५ मीटरवरून मारते. चोवीस सेकंदांत शॉट घ्यायची तिला सवय आहे; इथे कित्येक राज्यांत शाळेच्या सामन्यांना शॉट क्लॉकच नाही. पुण्याची शिरीन लिमये आपल्याच मैदानांवर शिकून भारताची कर्णधार झाली. ओवीने आधी तिचे सामने बघावेत, विशेषतः ती चेंडू नसताना कुठे उभी राहते ते.

बाबा, हॉलमध्ये बसल्या बसल्या मला तुमच्या त्या फेऱ्या आठवल्या. इथे १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींना डावलायचं नाही, खेळातसुद्धा नाही. त्याआधी मुलींच्या संघांना धड मैदान मिळत नसे. नागपुरात तुमच्याकडे असला काही कायदा नव्हता. तुम्ही सायकलवरून घरोघरी जायचात, चहा घ्यायचात, आणि "सातच्या आत मी स्वतः सोडून जाईन" असा शब्द द्यायचात. तेव्हा कुठे बारा मुली जमायच्या.

आणि त्या बारा नावांचंच विचारायचं आहे. मी चौदा वर्षांची होते, जिल्ह्याच्या संघाची यादी तुम्ही शाळेच्या फळ्यावर लावली होती, तुमच्या अक्षरात. बारा नावं, त्यात माझं नव्हतं. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही, आईने ताट खोलीत आणून दिलं. तुम्ही एकदाच म्हणालात, "तू डाव्या हाताने जात नाहीस," आणि पेपर वाचायला लागलात. पुढचं वर्षभर मी अंगणात डाव्या हाताने चेंडू आपटला, पण ते तुमच्यावरच्या रागाने.

परवा रात्री २२ नंबरच्या मुलीचा कागद समोर होता. शिबिरात भेटायला, बोलायला सगळ्यात गोड मुलगी. रोज सकाळी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवायची. तिला मी डिव्हिजन थ्री लिहिलं, खोडलं, टू लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी थ्रीच लिहिलं आणि खाली लिहिलं, "उजवीकडेच जाते." लिहून झाल्यावर कितीतरी वेळ पेन्सिल खाली ठेवता येईना.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की स्वतःच्या हाताने लिहा, घाई नाही. आईच्या गुडघ्याला तेल लावायला कुणी येतं का, तेही कळवा. आणि बाबा, त्या यादीत माझं नाव तुम्ही आधी लिहून मग खोडलं होतं, की मुळातच लिहिलं नव्हतं?

तुमची,
मनू