बाबा, गोळ्या मी मोजल्या

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं हाय, काळजी करू नको" म्हणतात आणि फोन आईकडं देतात, म्हणून लिहून पाठवतोय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

रविवारी पुण्याला निघायच्या आधी बाबांचा गोळ्यांचा डबा बघितला. छातीत बसवलेल्या कृत्रिम व्हॉल्व्हसाठी रोज घ्यायच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या असिट्रॉमच्या स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या जास्त, म्हणजे पाच चुकवल्यात. दोनदा मोजल्या. आईला विचारलं तर ती ओट्याकडं तोंड करून कोथिंबीर निवडायला लागली, तेव्हाच कळलं की दोघांचं संगनमत आहे.

भीती मला कळते हो. दिवाळीनंतर जे झालं ते मी पण विसरलेलो नाही, संडास डांबरासारखी काळी आणि चिकट, आणि बाबा चार दिवस म्हणतायत तांबडा रस्सा बाधला. रस्सा तांबडा, संडास काळी, कसं जुळवलंत काय माहीत! बिंदू चौकात चक्कर येऊन पायरीवर बसलात तेव्हा आम्हाला कळलं की पोटात रक्तस्राव होतोय. गुडघ्यासाठी मेडिकलमधनं स्वतःच मागून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आठवडाभर चालू होती. ती पोटाचं अस्तर खराब करते आणि असिट्रॉम रक्त गोठू देत नाही, म्हणजे एकीनं भोक पाडायचं आणि दुसरीनं ते बुजू द्यायचं नाही. त्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन महिने तपासलाच नव्हता, तो निघाला 6 च्या वर. दोन बाटल्या रक्त चढवलं.

आणि मग मावशीचा तो व्हॉट्सॲप मेसेज, ही गोळी म्हणजे उंदराचं औषध. अर्धं खरंय ते. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन मरायची, शिंगं कापली तरी रक्त थांबायचं नाही. 1933 साली एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडं पोचला. गंगावेशीत म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला त्या शेतकऱ्याचं दुःख मी काय सांगू. लिंक यांच्या टीमनं चाऱ्यातलं ते द्रव्य शोधलं, त्यातनं पुढं वॉरफरिन आलं, 1948 ला उंदरांसाठी, 1954 ला माणसांसाठी, आणि 1955 ला हार्ट अटॅकनंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाच दिलं. असिट्रॉम त्याच कुळातली. विष की औषध ते डोसवर, आणि डोस कळतो आयएनआरवरनं.

बाबा, रात्री तुमच्या शेजारी झोपलं की छातीतली टिकटिक ऐकू येते, चिंगी तर म्हणते आजोबांनी घड्याळ गिळलंय. त्या व्हॉल्व्हच्या पाकळ्या कार्बनच्या, रक्ताला त्या कायम परक्याच, कितीही वर्षं झाली तरी. गोळी चुकली की तिथं गुठळी धरते, मग व्हॉल्व्ह अडकतो नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते. रक्त गेलेलं निदान दिसतं तरी, गुठळी दिसत पण नाही. म्हणून तर त्या वेळी डॉक्टरांनी रक्तस्राव थांबल्यावर गोळी परत चालू केली, तुमचा आयएनआर 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा म्हणून. आणि शेजारच्या काकांची ती "तपासणी नको" वाली रक्त पातळ करायची नवी गोळी तुम्हाला चालत नाही, तुमच्यासारख्या कृत्रिम व्हॉल्व्हवर तसली एक गोळी वापरून बघितली होती, गुठळ्या पण वाढल्या आणि रक्तस्राव पण, 2013 ला ते छापून आलंय.

एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, मला फोन करा. गुडघा दुखला, दात काढायचा असला, सर्दीला अँटिबायोटिक दिलं, तरी आधी फोन. संडासचा रंग सांगायला लाजायचं कारण नाही, मी तुमचाच मुलगा आहे.

आई, तू मेथी-पालक एकदम बंद केलीस म्हणे. तसं करू नको, पालेभाजी कमी-जास्त झाली की आयएनआर हलतो, आठवड्याला नेहमी जेवढी होते तेवढीच कर, कमी नाही, जास्त नाही. बुधवारी लॅबचा पोरगा सकाळी येईल, रिपोर्टचा फोटो पाठव, त्या दिवशीचा डोस डॉक्टर सांगतील तो.

स्ट्रिप मी पुढच्या वेळी पण मोजणार आहे.

तुमचा,
पिंट्या