खर्चाला लगाम कोण घालणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांवरील चर्चेत त्यांच्या स्वभावावर रकाने भरतात, सरकारी खर्चाचा प्रश्न मात्र कोपऱ्यात राहतो. व्हर्जिनियात स्थायिक झालेला, रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेला मतदार म्हणून मला हे फार खटकते. मार्च 2024 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मी निकी हेली यांना मत दिले, कारण कर्जाच्या डोंगराला आपला पक्षही जबाबदार आहे, हे त्यांनी मिलवॉकीच्या वादसभेत स्वपक्षीयांच्या तोंडावर सांगितले होते. नोव्हेंबरमध्ये मात्र एकीकडे पहिले घर घेणाऱ्यांना 25,000 डॉलर देऊ करणाऱ्या कमला हॅरिस आणि दुसरीकडे करमाफीची खैरात करणारे डोनाल्ड ट्रम्प, असा पेच होता. टिपेवरील करमाफीचे आश्वासन तर दोघांचेही होते. त्याच महिन्यात राष्ट्रीय कर्जाने 36 लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या आर्थिक वर्षात निव्वळ व्याजच संरक्षणखर्चाहून अधिक भरावे लागले.

माझ्या मुलीने तिचे पहिले पगारपत्रक मला दाखवले, तेव्हा सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) 6.2 टक्के कपातीवर बोट ठेवून तिने विचारले, ‘बाबा, हे मला परत मिळणार का?’ निवृत्तिनिधीची गंगाजळी 2033 च्या सुमारास आटेल, असा विश्वस्तांचाच अंदाज असल्याने मला छातीठोकपणे ‘हो’ म्हणता आले नाही. 1998 ते 2001 या काळात डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन आणि रिपब्लिकन बहुमताची काँग्रेस (अमेरिकी संसद) यांनी मिळून अंदाजपत्रक सलग चार वर्षे शिलकीत ठेवले होते. 2028 चे उमेदवार कोणता खर्च कमी करणार, हे त्यांनी आकड्यांनिशी सांगावे.

– एक वाचक, व्हर्जिनिया